दुष्काळात तग धरणारा मका कसा तयार करतात? लहान शेतकऱ्याला त्याचा खरंच उपयोग होतो का?

खोल मुळांचं झाड शोधलं की काम झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. मी मक्याच्या पैदाशीत काम केलंय. आम्ही आधी तुरा (झाडाच्या शेंड्यावरचा नर फुलोरा) आणि कणीस बघतो.

फुलोऱ्यात पाण्याचा ताण बसला तरी तुरा बहुधा वेळेवर पराग सोडतो. ज्यांच्यावर पराग पडला तरच दाणा धरतो, ते कणसाचे केस मात्र उशिरा बाहेर येतात. आठवडाभराचं अंतर पडलं की पराग संपलेले असतात आणि कणसात दाणे भरत नाहीत. मेक्सिकोतल्या 'सिमिट' या मका-गहू संशोधन संस्थेने १९७० च्या दशकापासून तुक्सपेन्यो नावाच्या मक्यात हे अंतर कमी असलेली झाडं पिढ्यान् पिढ्या निवडली. पेरणी बिनपावसाच्या हंगामात करायची आणि ऐन फुलोऱ्यात पाणी तोडायचं. दुष्काळाची वाट बघत बसलात तर तो नेमका प्रयोगाच्या वर्षी येत नाही!

नुसत्या उताऱ्यावर, म्हणजे एकरी उत्पन्नावर, निवड का करत नाहीत? ताणाच्या प्लॉटमध्ये जमिनीच्या ओलाव्यातला फरकच इतका असतो की वाणाचा फरक त्यात बुडून जातो. त्यामानाने तुऱ्याची आणि केसांची तारीख भरवशाची. काम कंटाळवाणं, रोज वही घेऊन ओळीओळीने फिरायचं.

माझ्या मते खरी मेख प्रयोगाच्या जमिनीत आहे. भरपूर खत-पाण्याच्या प्लॉटवर पहिला आलेला वाण गरिबाच्या शेतात पहिला येईलच असं नाही. आजच्या झिंबाब्वेत १९६० साली आलेला एसआर ५२ हा जबरदस्त संकरित वाण होता, पण लांब मुदतीचा. मोठ्या, चांगल्या पावसाच्या शेतांना मानवणारा. कोरड्या भागासाठी आर २००, आर २०१ हे लवकर येणारे वाण सत्तरच्या दशकात आले. पुढे हरारेत सिमिटने मुद्दाम नत्र न देता, जमीन उपाशी ठेवून चाचण्या घेतल्या. झेडएम ५२१ हा त्या कामातून आलेला. तो संकरित नाही, त्यामुळे शेतकरी घरचं बी धरू शकतो.

उपयोग होतो का? होतो, पण बी हातात पडलं तर. २००७ साली आफ्रिकेतल्या १३ देशांत अशा मक्याचा मोठा प्रकल्प सुरू झाला, शंभराहून अधिक वाण आले. तरी केनियात १९८६ चा एच ६१४डी हा वाण कित्येक दशकं शेतात टिकून राहिला, कारण तो ओळखीचा आणि दुकानात मिळणारा. शिवाय 'तग धरणारा' म्हणजे बिनपाण्याचा नव्हे. पाऊस पूर्ण दडी मारून बसला तर हा मकाही जातो.