सेल्फ घेईना? थंडीला दोष देण्याआधी हे वाचा

प्रश्न : भाऊ, रब्बीची पेरणी आटोपली की मिनी ट्रॅक्टर गोठ्याशेजारी उभा असतो. दोन महिन्यांनी संत्र्याच्या बागेत फवारणीला काढावा तर सेल्फ मारल्यावर नुसती कटकट. बॅटरी दोनच वर्षांची आहे. थंडीनं मरते का ती? (वरूड, जि. अमरावती)

आपल्याकडच्या पहाटेच्या आठ-दहा अंशांनी बॅटरी मरत नाही. तिचा जीव घेतो तो मे महिना. ४५ अंशांत तापलेल्या पत्र्याखाली पाणी उडतं, आतल्या प्लेटा झिजतात. गरमीत इंजिन हलकं फिरतं, म्हणून तेव्हा काही कळत नाही. डिसेंबरात ऑइल घट्ट होतं, सेल्फला जोर जास्त लागतो आणि मग उन्हाळ्यातलं दुखणं उघडं पडतं.

शिवाय बॅटरी नुसती पडून राहिली तरी उतरते, महिन्याला साधारण ४-५ टक्के. जुन्या वायरिंगमधून करंट झिरपत असेल तर आणखी लवकर. उतरलेल्या अवस्थेत राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं. ते ताजं असताना चार्जिंगने विरघळतं, पण महिनोन्‌महिने राहिलं तर खडे होतात आणि मग कितीही चार्ज करा, उपयोग नाही. तुमच्या बॅटरीचं बहुतेक हेच झालंय.

पुढच्या वेळी ट्रॅक्टर उभा करताना पूर्ण चार्ज करा आणि वायरी काढून ठेवा. आधी निगेटिव्ह, म्हणजे काळी. आधी लाल काढायला गेलात आणि पाना बॉडीला लागला तर ठिणगी उडेल. जोडताना उलटं, काळी शेवटी. महिन्यातून एकदा मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. १२.४ दिसले की चार्जिंगला लावा, १२ची वाट पाहू नका.

प्रश्न : आठवड्यातून एकदा पाच मिनिटं चालू करून ठेवतो. तेवढं पुरे ना? (देवळी, जि. वर्धा)

नाही. सेल्फने घेतलेला करंट पाच मिनिटांच्या स्लो रेसवर नीट भरूनही निघत नाही. माझे वडीलही रोज सकाळी देवपूजेसारखा ट्रॅक्टर चालू करून बंद करायचे, आणि बॅटऱ्या जात राहायच्या. चालू करायचाच तर अर्धा-पाऊण तास काम घ्या. नाहीतर हात लावू नका.

प्रश्न : वेगळा चार्जर कशाला, घरच्या इन्व्हर्टरवर लावली तर? (आर्णी, जि. यवतमाळ)

इन्व्हर्टर १५० एएचच्या (एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीची क्षमता) बॅटरीच्या हिशेबानं करंट देतो, १०-१५ अँपिअर. मिनी ट्रॅक्टरची बॅटरी ३५ एएचची असेल तर तिला साडेतीन अँपिअर पुरे. एएचचा दहावा भाग हा जुना हिशेब आजही बरोबर आहे. जास्त करंटनं ती तापते, उकळते. बॅटरी भरली की आपोआप व्होल्टेज उतरवणारा चार्जर घ्या. तो लावून ठेवला तरी चालतो.

आणि एक गोष्ट मी प्रत्येकाला बजावतो. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. भाव वाढेल म्हणून ज्या खोलीत कापूस भरून ठेवलाय, तिथे चार्जिंग करू नका. कुटाराजवळही नाही. बाहेर ओसरीत करा, आणि बिडी दूर.

प्रश्न : सिमेंटच्या फरशीवर ठेवली की बॅटरी उतरते म्हणतात. (मेहकर, जि. बुलडाणा)

पूर्वीच्या लाकडी-रबरी खोक्यांच्या काळातली गोष्ट. आताच्या प्लॅस्टिकला लागू नाही.

प्रश्न : पाणी कमी झालं तर आरओचं चालेल? की थोडं अॅसिड टाकू? (काटोल, जि. नागपूर)

दोन्ही नको. उडतं ते पाणी, अॅसिड आतच राहतं. वरून टाकलं तर प्लेटा खाऊन टाकेल. आरओच्या पाण्यातही क्षार असतातच. फक्त डिस्टिल वॉटर, तेही चार्जिंग झाल्यावर. प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच आधी त्या बुडतील एवढं टाकून चार्जिंगला लावा.

प्रश्न : ट्रॅक्टर शेतातल्या शेडमध्ये असतो, तिथे लाइट नाही. (नरखेड, जि. नागपूर)

१२ व्होल्टच्या बॅटरीसाठीचं २० वॅटचं सोलर पॅनेल पुरेल. मध्ये चार्ज कंट्रोलर हवाच, कारण उन्हात पॅनेलचे व्होल्ट २०च्या आसपास जातात. आणि पॅनेल पक्कं आवळा, माकडं सोडत नाहीत.