गोव्याहून पुण्याला मोटरहोममागे कार बांधून नेली तर टोल कसा भरायचा?

टोलचं नंतर. मुळात आपल्याकडे धडधाकट कार दुसऱ्या गाडीमागे ओढून नेता येत नाही. बंद पडलेली गाडी किंवा नोंदणी केलेला ट्रेलरच चालतो. त्यात चोर्ला घाटाची वळणं! सरळ घरातल्या कुणाला तरी कार चालवायला द्या. मग दोन गाड्या, दोन फास्टॅग. बेळगावनंतर हत्तरगी, कोगनोळी, किणी, तासवडे, आणेवाडी, खेड-शिवापूर हे नाके लागतील. टॅग चालला नाही तर यूपीआयने सव्वापट. ट्रेलरच हवा असेल तर वर ठेवलेल्या कारचा टॅगही स्कॅनर वाचू शकतो. प्रत्येक नाक्यानंतर मेसेज बघा, जादा पैसे कापले गेले तर १०३३ वर तक्रार नोंदवा.