बहिणी कुठं गेल्या?

प्रश्न : मी कागलची. कोल्हापुरात पाच वर्षांचा लॉ केला, यंदा पास झाले. मुंबईत फोर्टमधल्या एका सॉलिसिटरांकडे आर्टिकल क्लार्क (करारावर सही करून काम शिकणारी उमेदवार) म्हणून घ्यायला तयार आहेत. तीन वर्षं. देतात ते इतकंच की डोंबिवलीला मावशीकडे राहिले तर भागेल. पप्पा म्हणतात, सनद घे आणि इथंच कोर्टात उभी राहा, आणखी तीन वर्षं कारकुनी कशाला? आजोबा तलाठी होते, त्यामुळं सातबारा, फेरफार (जमिनीवरच्या नावबदलाची नोंद) मला चांगले वाचता येतात. पण मुंबईत त्याचा काय उपयोग? शिवाय शाळा मराठी माध्यमाची, इंग्रजी ड्राफ्टिंगचा धसका आहे. काय करू, मॅडम? – अ. पा.

उत्तर : पप्पांचं अर्धं बरोबर आहे, ते आधी मान्य करते. कोर्टात उभं राहायला सॉलिसिटर व्हावं लागत नाही. सनद बार कौन्सिल देते, पाठोपाठ बारची परीक्षा, झालं. (नोंदणीसाठी कुणी हजारो रुपये सांगितले तर जुलै २०२४चा सुप्रीम कोर्टाचा निकाल दाखव. खुल्या गटाला ७५० रुपयांच्या वर नोंदणी फी घेता येत नाही.)

सॉलिसिटरची परीक्षा वेगळी. ती बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटी घेते, संस्था १८९४ची. पूर्वी मुंबई हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडला, म्हणजे जिथं दावे थेट हायकोर्टात लागतात तिथं, अ‍ॅटर्नीनं (म्हणजे सॉलिसिटरनं) ब्रीफ दिल्याशिवाय कौन्सेल, म्हणजे कोर्टात बाजू मांडणारा वकील, उभा राहत नसे. ही विभागणी कायद्यानं १९७७च्या सुरुवातीला मोडली. कामात मात्र ती उरली आहे. हायकोर्टाची कुठलीही ऑर्डर उघडून बघ, कौन्सेलच्या नावापुढं ‘आय/बी’ आणि मग फर्मचं नाव. इन्स्ट्रक्टेड बाय. पक्षकाराशी बोलणारा, कागद जमवणारा, प्लेंट (दाव्याचा अर्ज) तयार करणारा तो ‘बाय’वाला, म्हणजे सॉलिसिटर. तुला त्याचं काम शिकायचं आहे का, एवढाच प्रश्न आहे.

आता तुझ्या आजोबांकडे येते, कारण पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तू ‘काय उपयोग’ म्हणून टाकून दिलंयस.

मी आर्टिकल्सला होते तेव्हा कर्जतजवळच्या एका जमिनीचं टायटल, म्हणजे मालकी खरी कुणाची ते, काढायचं काम आलं. तीस वर्षांच्या नोंदींचा सर्च. तीसच का, तर गहाण सोडवायचा दावा लावायला मुदत तीस वर्षं, सरकारला दावा लावायलाही तीस. मी सब-रजिस्ट्रारकडचे इंडेक्स, म्हणजे दस्तांच्या सूच्या, बघितल्या, सातबारे आणले, नीटनेटकी टिपणी टाइप केली आणि खुशीत टेबलावर ठेवली. आमच्या ऑफिसात एक म्हातारे मॅनेजिंग क्लार्क होते, एलएल.बी. वगैरे काही नाही. त्यांनी वारसाचा फेरफार काढला, त्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, “बाई, बहिणी कुठं गेल्या?”

बाप वारला तेव्हा दोन मुलगे, तीन मुली अशी नावं लागलेली. पुढच्या फेरफारात मुलींची नावं कमी. कशावरून? नुसत्या जबाबावरून. नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र नव्हतंच. फेरफार महसुलासाठी असतो, त्यानं मालकी जात नाही. म्हणजे तिघींचा हिस्सा तसाच उभा होता आणि आमचा पक्षकार दोघा भावांना पूर्ण किंमत मोजायला निघाला होता. मी तो फेरफार दोनदा वाचला होता. मला दिसलंच नाही.

तुला दिसलं असतं. ‘इतर हक्क’ रकान्यात कुळकायदा कलम ४३चा शेरा असला की कलेक्टरची परवानगी विचारायची, भोगवटादार वर्ग २ (सरकारच्या परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) दिसला की थांबायचं, हे तू जेवताना ऐकलेलं असणार. फोर्टातल्या ऑफिसांत पनवेल, कर्जत, अलिबागच्या फायली येतच असतात, आणि इंग्रजी फर्डं बोलणारी कितीतरी मुलं सातबारा भाषांतराला पाठवतात! मोडी येत असेल तर विचारूच नकोस.

इंग्रजीचा धसका मलाही होता, मी चिपळूणची. मुंबईच्या अ‍ॅफिडेव्हिटमध्ये परिच्छेद सुरूच होतो ‘आय से दॅट’नं. महिनाभर जुन्या फायलींतले ड्राफ्ट हातानं उतरवून काढ. कंटाळा येईल. माझ्या कामाला तेच आलं.

पैशाचं मात्र लाजू नकोस. बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर २०२४मध्ये शहरातल्या ज्युनिअर वकिलांना महिना किमान २०,००० द्यावेत असं परिपत्रक काढलं. ती शिफारस आहे, सक्ती नाही, आणि तू आर्टिकल क्लार्क. तरी बोलताना आकडा डोक्यात असू दे. आर्टिकल्सवर सही करण्याआधी आणखी दोन गोष्टी विचार : माझे ड्राफ्ट स्वतः कोण तपासणार, आणि परीक्षेला किती रजा. माझ्या पहिल्या सॉलिसिटरांनी वर्षभर माझा एकही कागद वाचला नाही, स्टँप आणायला आणि झेरॉक्सला मात्र रोज पाठवलं. मला विचारायचं सुचलं नव्हतं. दुसरीकडे गेले तेव्हा ते म्हातारे भेटले.

ड्राफ्ट तपासणारं माणूस तिथं असेल तर जा. “बघू, ये तर आधी” असं उत्तर आलं तर फोर्टात दुसरं ऑफिस शोध, डोंबिवलीची मावशी काही पळून जात नाही. आणि पप्पांना त्या तीन बहिणींची गोष्ट सांग. तलाठ्याच्या मुलाला ती माझ्याआधी कळेल.