पीसीबीला भोके पाडताना बिट का तुटते?

प्रश्न : मी घरीच फेरिक क्लोराइड (नको असलेले तांबे विरघळवणारे रसायन) वापरून पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक भाग जोडण्याचे तांब्याच्या रेषांचे बोर्ड, तयार करतो. भिंतीला भोके पाडण्याच्या हातड्रिलमध्ये ०.८ मिमीचे कार्बाइड बिट लावले, तर ते दोन-चार भोकांतच तुटते. कोणते साधन घ्यावे?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : दोष बिटाचा नाही. कार्बाइड अतिशय कठीण, पण तितकेच ठिसूळ असते. हातातले जड यंत्र किंचित जरी कलले, तरी बाजूने येणारा ताण त्याला सोसत नाही. म्हणून खर्च आधी स्टँडवर करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. लहान, वेगवान मिनी ड्रिल सरळ खाली उतरणाऱ्या स्टँडवर बसवा आणि विकत घेण्यापूर्वी ते चालू करून बिटाचे टोक थरथरत नाही ना, हे दुकानातच पाहा.

स्टँड येईपर्यंत हाय-स्पीड स्टीलचे बिट वापरा. ते थोडे वाकून घेते, मात्र काचतंतूंच्या एफआर-४ बोर्डावर लवकर बोथट होते. तपकिरी फिनॉलिक (कागद व रेझिनच्या) बोर्डावर बराच काळ टिकते.

आयसी (चिप) व लहान रेझिस्टरसाठी ०.८, हेडर पिनांसाठी (जोडणीच्या पिनांच्या ओळीसाठी) १ आणि स्क्रू टर्मिनलसाठी (स्क्रूने वायर आवळण्याच्या जोडणीसाठी) साधारण १.३ मिमीचे बिट पुरेसे होते. पॅडच्या (भागाची पिन जिथे सोल्डर करतात त्या तांब्याच्या चकतीच्या) मध्यभागी तांबे नसलेला बारीक ठिपका आराखड्यातच ठेवला, तर बिट घसरत नाही. बोर्डाखाली लाकडी फळी हवी. काचतंतूंची धूळ फुप्फुसांना घातक असल्याने मास्क आणि चष्मा लावल्याशिवाय कृपया एकही भोक पाडू नका.