प्रश्न: ५० टक्के हायड्रोजन पेरॉक्साईडचे कॅन पार्ट लोडनं (इतरांच्या मालाबरोबर एकाच गाडीत) इचलकरंजीला पाठवायचेत. ट्रान्सपोर्टवाला म्हणतो नुसतं 'टेक्सटाईल ऑक्झिलरी' लिहा. चालेल का? स्टिकर कुठं लावू?

नाही चालत. ट्रान्सपोर्टवाला तसं लिहा म्हणतोय ते तुमच्या भल्यासाठी नाही, बुकिंग अडू नये म्हणून. 'ऑक्झिलरी' म्हणजे साबण पण असतो आणि अ‍ॅसिड पण असतं.

मी सोलापूरचा. डाय हाऊसला, म्हणजे कापड-सूत रंगवणाऱ्या कारखान्यांना, केमिकल पुरवायचा धंदा, दुकान दाजींचं, अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं गोडाऊन मी बघायचो. पंधराएक वर्षं झाली असतील, सांगलीकडच्या एका पार्टीला सहा ड्रम हायड्रो (सोडियम हायड्रोसल्फाईट, रंगाईत लागणारी पावडर) जायचं होतं. चार सीलबंद होते, बाकीचा माल सुटा, तो दाजींनी दोन जुन्या ड्रमात भरायला लावला. त्या ड्रमांवर आधीच्या मालाचं 'सोडा अ‍ॅश' छापलेलं तसंच. मी म्हटलं दाजी, हे घासून काढू, वर हायड्रोचं नाव टाकू, डायमंड (धोका दाखवणारं चौकोनी स्टिकर) लावू, अर्ध्या तासाचं काम आहे. तर म्हणे, "स्टिकर बघून रंग चढतो का बे? गाडी थांबलीय, चल सोड." सोडली.

आमच्याकडं पाऊस बोलावून येत नाही, त्या रात्री न बोलावता आला. मंगळवेढा सोडून सांगोल्याकडं जाताना फाटक्या ताडपत्रीतून पाणी नेमकं त्या जुन्या ड्रमावर, आणि त्याच्या झाकणाची रिंग पण धड बसलेली नव्हती. हायड्रोला थोडी ओल लागली की ते आतल्या आत तापत जातं, मग पेट घेतं, म्हणून तर त्याचा धोक्याचा क्लास ४.२ आहे, आपोआप पेटणाऱ्या मालाचा. ड्रायव्हरला जळक्या गंधकाचा वास आला, गाडी बाजूला घेतली, मोबाईलचा उजेड मारून बघितलं तर धूर येतोय आणि ड्रमवर लिहिलंय सोडा. सोडा म्हटल्यावर माणूस काय करणार, त्यानं प्यायच्या पाण्याचा कॅन उचलला आणि वरून ओतला. पांढऱ्या धुराचा असा लोट उठला की क्लीनर खोकत खोकत शेतात पळाला, त्याचे डोळे दोन दिवस लाल होते. शेजारी कुणाच्यातरी टॉवेलच्या गाठी होत्या, त्यातल्या दोन गेल्या, हौद्याच्या फळ्या कोळसा झाल्या. पैसे आम्ही भरले ते सोडा, क्लीनरचं वय एकोणीस होतं.

दाजी आजपण गड्ड्याच्या जत्रेला घरी जेवायला आले की म्हणतात ताडपत्री फाटकी होती, चूक गाडीवाल्याची. फाटकी होती, मान्य. पण पाणी ओतायला त्याला ताडपत्रीनं नाही सांगितलं, आपल्या ड्रमानं सांगितलं. आणि १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमात नियम १३१ आहे, मालात काय आहे, त्याचा धोका काय, ही माहिती गाडीवाल्याला पाठवणाऱ्यानं द्यायची. म्हणजे आपण.

आता तुमचं. ५० टक्के पेरॉक्साईड म्हणजे यूएन २०१४, धोकादायक मालाला जगभर चालणारा नंबर (हे साल नाही, आमच्या मुनीमजींनी एकदा मॅन्युफॅक्चरिंग डेट समजून रजिस्टरला चढवलं होतं). तो नंबर २० ते ६० टक्क्यांना, ८ ते २० ला २९८४. कॅनवर पूर्ण नाव, यूएन नंबर, आणि डायमंड दोन: पिवळा ५.१ चा, म्हणजे दुसऱ्याची आग भडकवणाऱ्या मालाचा, आणि त्याच्या शेजारी काळा-पांढरा ८ चा, कारण ते कातडी पण जाळतं. डायमंड १०० मिलिमीटरचा, बाजूला लावा, झाकणावर नको, वर दुसरा कॅन बसला की संपलं. वरच्या दिशेचे बाण समोरासमोरच्या दोन बाजूंना. त्या कॅनच्या टोपीला गॅस सुटायला बारीक वाट असते, म्हणून आडवा टाकायचा नाही आणि टोपी गच्च करायला दुसरी बसवायची नाही. जुना कॅन असेल तर आधीचं लेबल पूर्ण काढा, अर्धं फाडलेलं तर अजून वाईट. टॉवेलच्या गाठींबरोबर लोड करू देऊ नका, सुतावर पेरॉक्साईड सांडलं की आग लागायला काडी लागत नाही.

गाडीवर पॅनेल, म्हणजे मालाच्या धोक्याची माहिती लिहिलेला फलक, तीन ठिकाणी लागतं, डावी-उजवी बाजू आणि मागं. ड्रायव्हरचं केमिकल वाहतुकीचं ट्रेनिंग सर्टिफिकेट बघा, नुसतं लायसन नाही.

हां, हे सगळं रस्त्यानं जाणाऱ्या मालाचं. विमानाचे आणि जहाजाचे नियम वेगळे आणि कडक. मी कन्सल्टंट नाही, कंपनीकडनं सेफ्टी डेटा शीट मागवा, तिचा १४ नंबरचा भाग वाहतुकीचाच असतो, माझ्यात आणि त्यात फरक दिसला तर ते धरा.

ड्रायव्हरच्या केबिनमध्ये ट्रेम कार्ड (अपघात झाला तर काय करायचं ते लिहिलेलं कार्ड) द्या आणि त्यावर असा नंबर टाका जो रात्री दोनला उचलला जाईल. त्या रात्री ड्रायव्हरनं बिलावरचा नंबर लावला होता, तो दुकानाचा लँडलाईन, शटर आठलाच बंद. नंतर दाजींचा मोबाईल टाकला. ते फोन सायलेंटवर टाकून झोपतात, म्हणून आता माझा आहे.