जुने ‘ग्रेट’ अल्बम आवडायला संगीत कळावं लागतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ‘सर्वकालीन श्रेष्ठ’ म्हणून ज्यांची नावं येतात ते पाश्चात्त्य अल्बम ऐकायला घेतले, काही आवडले, बरेच कंटाळवाणे वाटले. संगीतातलं काही कळत नसेल तर हे अल्बम खरंच समजतात का, आणि सुरुवात कुठून करावी?

समजतात. अभ्यास लागत नाही, नोटेशन यावं लागत नाही, कोणी कोणाकडून काय उचललं हेही पाठ असावं लागत नाही. मी वाद्य वाजवत नाही, गात नाही. काम करताना आणि रात्री झोपण्याआधी ऐकणारी साधी श्रोती आहे, आणि तरी या विषयावर माझी मतं पक्की आहेत. लिहायला बसले ते तुमच्या ‘खरंच समजतात का’ या शब्दांमुळे. तेच शब्द मला तोंडावर ऐकवले गेलेत.

माझा एक मावसभाऊ आहे, वयाने माझ्याहून बराच मोठा. त्याच्याकडे कपाटभर रेकॉर्ड्स आहेत. चांगलं संगीत कोणतं हे दादाने सांगायचं आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या, असंच आमच्यात कायम चालत आलं. एकदा त्याचे दोन मित्र बसले होते, मीही होते, आणि त्याने जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ लावला. १९५९चा अल्बम. मी तो तेव्हा पहिल्यांदाच ऐकत होते.

पहिलं गाणं ‘सो व्हॉट’. सुरुवातीला पियानो आणि बास ठेका न धरता जरा वेळ चाचपडतात. मग पॉल चेंबर्सचा बास एक छोटीशी ओळ वाजवतो आणि बाकीचे त्याला फक्त दोन ठोक्यांत उत्तर देतात. बास पुन्हा बोलतो, पुन्हा तेच दोन ठोके. एरवी बास मागे राहून आधार देतो. इथे चाल त्याच्याकडे आणि ट्रम्पेट, सॅक्सोफोन हुंकार भरणारे. मला तिथेच ते गाणं आवडलं. आणि हे सवालजवाब चालू असताना अख्खं गाणं एकदम किंचित वर सरकतं. ओळ तीच, उत्तर तेच, पण एक पायरी वरून. थोड्या वेळाने सगळं पुन्हा मूळ जागी येतं. त्यानंतर सोलो कोणाचाही असो, मी त्या सरकण्याचीच वाट बघत होते. आता सरकेल असं वाटायचं आणि ते सरकायचं.

गाणं संपल्यावर मी म्हटलं, “दादा, ते मधेच सगळं वर सरकतं ना, ते काय सुंदर आहे!”

तो म्हणाला, “त्याला ब्रिज म्हणतात. आणि हा मोडल जॅझ आहे. मोडल म्हणजे काय, सांग बरं?”

मला सांगता आलं नाही. मित्र हसले. दादा म्हणाला, “मग तुला खरंच समजलं का? तुला फक्त आवाज आवडला.”

या गोष्टीला खूप वर्षं झाली, पण ते बोलणं अजून सलतं. मोडल म्हणजे काय ते मी नंतर वाचलं. त्याआधीच्या जॅझमध्ये कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे सुरांचे गट, भराभर बदलत आणि वादकाला त्यांच्यामागे धावावं लागे. इथे वादक बराच वेळ एकाच स्वरसमूहावर राहतो आणि तिथल्या तिथे चाल फुलवतो. ‘सो व्हॉट’मध्ये १६ बार (म्हणजे ठेक्याची १६ आवर्तनं) एका मोडवर, म्हणजे एका स्वरसमूहावर, मग ८ बार तोच मोड अर्धा सूर वर, मग ८ बार पुन्हा खाली. गाणंभर हेच चक्र फिरतं. म्हणजे त्या गाण्याचा अख्खा सांगाडा मी पहिल्याच ऐकण्यात पकडला होता. मला नाव माहीत नव्हतं, गोष्ट ऐकू आली होती. नाव विचारून ती गोष्ट खोटी ठरवणं हा अन्याय होता, असं मला आजही वाटतं.

आता या अल्बमबद्दलची आणखी एक गोष्ट. तो दोन दिवसांत ध्वनिमुद्रित झाला, २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९, न्यूयॉर्कला कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या थर्टीएथ स्ट्रीट स्टुडिओत. मार्चच्या त्या दिवशी टेपचं मशीन किंचित हळू चाललं होतं. त्यामुळे नेहमीच्या वेगाने वाजवल्यावर पहिल्या बाजूची तिन्ही गाणी मुळापेक्षा जरा जलद आणि जरा चढी ऐकू येत. १९९०च्या दशकातल्या आवृत्त्यांत ते दुरुस्त झालं. तोवर तीसेक वर्षं जगभरचे जाणकार ती बाजू चढ्या सुरात ऐकत होते, तिच्यावर लिहीत होते, तिला श्रेष्ठ म्हणत होते. मी म्हणते, बरोबरच म्हणत होते, कारण संगीत तितकं चांगलं आहेच. पण मग त्यांनाही आवाजच आवडला होता ना? दादाकडची प्रत जुनी आहे. त्यालाही तोच चढा आवाज आवडलाय.

तुम्हाला कंटाळा का आला असेल, याचं माझ्या मते कारण असं की या याद्यांमध्ये दोन वेगळ्या प्रकारचे अल्बम एकत्र कोंबलेले असतात. एक ऐकायला थोर, आणि दुसरे बाकीच्या संगीतकारांना वाट दाखवणारे म्हणून थोर. काही दोन्ही असतात. पण दुसऱ्या प्रकारातल्याचं ऋण श्रोत्याने फेडायचं नसतं. व्हेल्व्हेट अंडरग्राउंड हा बँड आणि गायिका निको यांचा ‘द व्हेल्व्हेट अंडरग्राउंड अँड निको’ घ्या. १९६७ साली आला तेव्हा बिलबोर्डच्या यादीत १७१च्या वर चढला नाही. पुढे संगीतकार ब्रायन ईनोने जे म्हटलं ते सगळीकडे सांगितलं जातं: फार थोड्यांनी तो विकत घेतला, पण ज्याने घेतला त्याने बँड काढला. असेलही. मला बँड काढायचा नाही. मी ऐकणारी आहे, आणि ऐकणारी म्हणून मला त्यातली निकोने गायलेली गाणी आवडतात आणि शेवटचा तो लांबलचक गोंगाट सोसवत नाही. ‘ट्राउट मास्क रेप्लिका’ तर, कॅप्टन बीफहार्टचा, १९६९चा, फ्रँक झॅपाने निर्मिती केलेला, २८ तुकड्यांचा, मला अजिबात सहन होत नाही. एका घरात राहून महिनोन्महिने तालीम करून ती मोडतोड बसवली आहे हे मला माहीत आहे. त्या कष्टांबद्दल आदर आहे. पण मेहनत माहीत झाली म्हणून कानाला सुख होत नाही.

याउलट ‘पेट साउंड्स’. बीच बॉइजचा १९६६चा. तो घडवणाऱ्या ब्रायन विल्सनला उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नव्हतं, म्हणून त्याने तो मोनोतच, म्हणजे डावा-उजवा आवाज वेगळा न ठेवता, मिक्स केला, आणि तेव्हा तो २३ वर्षांचा होता. बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’च्या मागे या अल्बमची प्रेरणा होती हे खुद्द बीटल्समधल्या पॉल मॅकार्टनीने सांगितलंय. म्हणजे प्रभाव म्हणाल तर प्रचंड. पण यातलं काहीही ठाऊक नसताना ‘गॉड ओन्ली नोज’चा शेवट ऐका. एक आवाज ओळ म्हणतो, ती संपायच्या आत दुसरा तीच ओळ धरतो, मग तिसरा, आणि गाणं विरेपर्यंत ते एकमेकांवर चढत राहतात. मला तिथे दर वेळी भरून येतं. त्यासाठी कोणाचं प्रमाणपत्र लागत नाही.

‘सार्जंट पेपर’ मला अर्धाच आवडतो, हे इथेच सांगून टाकते. मधली काही गाणी आज जुनाट वाटतात. पण शेवटचं ‘अ डे इन द लाइफ’ म्हणजे कमाल. शेवटी अनेक पियानोंवर एकदम दाबलेला तो कॉर्ड चाळीसेक सेकंद विरत जातो, आणि तो ऐकू येत राहावा म्हणून मायक्रोफोनची पातळी इतकी वाढवली होती की स्टुडिओतल्या खुर्चीची करकरही त्यात आली आहे. हेडफोन लावून ऐका.

आता ‘रूमर्स’. दादाशी माझं दुसरं भांडण यावरूनच. फ्लीटवुड मॅकचा १९७७चा हा अल्बम माझा सर्वांत लाडका, आणि दादाच्या लेखी ती ‘रेडिओवरची गाणी’. लोकांना आवडतं म्हणजे उथळ, हा त्याचा हिशोब. तो अल्बम बनत असताना बँडमधल्या दोन्ही जोड्या तुटत होत्या. क्रिस्टीन आणि जॉन मॅकव्ही यांचा संसार मोडला होता, लिंडसी बकिंगहॅम आणि स्टीव्ही निक्स वेगळे झाले होते, आणि तरी सगळे रोज त्याच स्टुडिओत येत होते. ‘यू मेक लव्हिंग फन’ क्रिस्टीनने नव्या प्रियकरावर लिहिलं. त्या गाण्यात बास कोण वाजवतोय? जॉन मॅकव्ही. आणि किती मन लावून वाजवलाय! ‘गो युअर ओन वे’ लिंडसीने स्टीव्हीला उद्देशून लिहिलंय, आणि त्यात मागून साथीला गातेय ती स्टीव्हीच. हे कळल्यावर गाणी वेगळी ऐकू येतात, हे मी मान्य करते. पण मला ती हे कळायच्या आधीपासून आवडत होती. गाण्यात ताण होता आणि तो कानाला जाणवत होता, म्हणून तर पुढे शोधून वाचावंसं वाटलं. आधी कान, मग वाचन. दादा नेमकं उलटं करायला सांगतो.

आणि त्याचा ज्यांच्यावर एवढा विश्वास त्या याद्या तरी कुठे स्थिर आहेत? ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकन संगीत मासिकाच्या ५०० अल्बमच्या यादीत २००३ साली ‘सार्जंट पेपर’ पहिला होता. २०२०च्या नव्या यादीत तो २४वा आहे, आणि ‘रूमर्स’ पहिल्या दहात. अल्बममधला एक सूरही बदललेला नाही. मत देणारी माणसं बदलली.

२०२०च्या त्या यादीत पहिला आहे मार्विन गेचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’, १९७१चा. त्याच्या रेकॉर्ड कंपनीचे, मोटाउनचे, तेव्हाचे मालक बेरी गॉर्डी यांना ते शीर्षकगीत सुरुवातीला बाहेर काढायचंच नव्हतं. त्यात मार्विन स्वतःच्याच आवाजाला साथ देतो ना, ते मुळात ठरवलेलं नव्हतं. त्याने दोनदा गायलेले दोन वेगळे टेक निवडीसाठी ठेवले होते, ते चुकून एकत्र वाजले आणि त्याला तेच आवडलं. सुरुवात करायची तर इथून करा. पहिल्या बाजूची गाणी एकात एक मिसळत जातात, त्यामुळे अख्खा अल्बम ऐकणं म्हणजे काय हे आपोआप कळतं. मग ‘रूमर्स’, मग ‘काइंड ऑफ ब्लू’. पिंक फ्लॉइडचा ‘डार्क साइड ऑफ द मून’ एकटे असताना, सलग. त्यातल्या ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ला शब्द नाहीत. क्लेअर टॉरी नावाची गायिका आली, उत्स्फूर्तपणे गायली, ३० पौंड घेऊन घरी गेली. पुढे कोर्टात गेल्यावर, २००५ साली तडजोड होऊन, रचनेत तिचं नाव लागलं. लागायलाच हवं होतं. त्या गाण्याचा प्राण ती आहे.

शफल बंद ठेवा. हे अल्बम रेकॉर्डच्या दोन बाजूंच्या हिशोबाने रचलेले आहेत, वीसेक मिनिटांची एक बाजू. एका वेळी एकच बाजू ऐकली तरी पुष्कळ झालं. पहिल्यांदा कंटाळा आला तर काही दिवसांनी एकदा परत ऐका, तरीही नाहीच जमलं तर खुशाल सोडून द्या. ‘सवय लागते’ हे जाणकारांचं म्हणणं अर्धवट खरं आहे. सवय कशाचीही लागते.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. मी जवळपास सगळं १९५९ ते १९८२ या काळातलंच ऐकते, त्यामुळे हिप-हॉप किंवा नंतरच्या संगीताबद्दल माझं मत विचारात घेऊ नका. इंग्रजी शब्दांपेक्षा माझं लक्ष चालीकडे जास्त असतं, म्हणून जोनी मिचेलच्या ‘ब्लू’सारख्या शब्दप्रधान अल्बमला माझ्याकडून पुरेसा न्याय मिळत नाही. तुम्ही तो जरूर ऐका. तुम्ही स्वतः वाजवत असाल तर व्हेल्व्हेट अंडरग्राउंडबद्दल मी जे लिहिलंय ते तुम्हाला लागू नाही, वाजवणाऱ्याला त्यात खूप मिळतं म्हणतात. आणि दादा माणूस म्हणून चांगला आहे. ‘काइंड ऑफ ब्लू’ मला त्याच्यामुळेच मिळाला, ते उपकार मी विसरलेले नाही.

मायकल जॅक्सनचा ‘थ्रिलर’ राहिला. १९८२ साली आला, नऊच गाणी, आणि त्यातली सात अमेरिकेत पहिल्या दहात गेली. निर्माता क्विन्सी जोन्सने एकेक आवाज असा नेमका बसवलाय की आजही कुठे सैल वाटत नाही. ‘बिली जीन’ची सुरुवात ऐका, आधी नुसता ड्रम, मग त्यावर बास, आणि चाल यायच्या आधीच गाणं तुमच्या पायात शिरलेलं असतं. यात समजायचं काय उरलं, हे मी दादाला विचारलं होतं. त्याने विषय बदलला. त्याच्या कपाटात ‘थ्रिलर’ नाही, आणि माझ्या मते तो संग्रह अपुरा आहे.