डिसेंबरपर्यंत १७ किलो? आधी श्रावण ते दिवाळीचा हिशोब मांडू

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. वय ३८, उंची १५८ सेंमी, जूनच्या सुरुवातीला वजन ८२. पोळी-भात पूर्ण बंद केल्यावर पहिल्या पंधरवड्यात ३ किलो उतरले, तेव्हापासून काटा ७९ वर अडलाय. एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या सरासरी साखरेचा आकडा, ६.० आलंय. डिसेंबरात नणंदेचं लग्न, तोवर ६२ व्हायचंय. आता सगळा उत्साह संपलाय, आणि चालावं की जिम लावावी हेही ठरत नाहीये.

उत्साहाचं नंतर बघू. मला तरी यात आळस कुठे दिसत नाही, हिशोबाचा घोळ दिसतोय.

पहिले ३ किलो सगळे चरबीचे नव्हते. पोळी-भात बंद झाला की शरीर यकृतात आणि स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजेन वापरतं. त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं, ते पण जातं. यातच दीड-दोन किलो सहज उतरलेले दिसतात. मग आषाढीला साबुदाण्याची खिचडी झाली, दोन दिवस भात झाला, की ते पाणी परत येतं. त्याच दिवसांत चरबी हळूहळू कमी होत असली तरी काट्यावर दिसत नाही. पाळी जवळ आली असेल तर आणखी एखादा किलो वर. म्हणजे जूनमध्ये काट्याने तुमचं जरा जास्तच कौतुक केलं आणि आता तो उगाच रुसून बसलाय.

आता पुढचं गणित. एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७७०० कॅलरी. १७ किलो, हातात साधारण २० आठवडे, म्हणजे रोज ९०० हून जास्त कॅलरींची तूट. तुमच्या वजन-उंचीच्या, फार धावपळ नसलेल्या बाईचा दिवसाचा खर्च असतो १८००-१९०० च्या आसपास. उरलं काय? रोज जेमतेम ९०० कॅलरींचं जेवण, सलग पाच महिने, आणि मध्ये श्रावण, गणपती, नवरात्र, दिवाळी. वजन उतरत जातं तसा शरीराचा खर्चही कमी होतो, त्यामुळे नोव्हेंबरात तेवढ्याच जेवणात कमी उतरणार. असं कुणी केलंच तरी दोन-तीन महिन्यांनी केस गळायला लागतात, स्नायू झिजतात, पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. लग्नाच्या अल्बममध्ये बारीक दिसण्यासाठी ही किंमत मला तरी परवडणारी वाटत नाही.

रोज ४०० ची तूट जमण्यासारखी आहे. त्यात महिन्याला दीड किलो उतरतं. सणांचे दिवस वजा केले तर लग्नापर्यंत ५ किलो. ७४. ऐकायला फिकं वाटेल, पण ८२ वरून ७४ म्हणजे जवळजवळ १० टक्के, आणि तुमच्या रिपोर्टसाठी तर त्याच्या अलीकडेच बरंच काही घडतं. एचबीएवनसीच्या ५.७ ते ६.४ या पट्ट्याला प्रीडायबेटिस म्हणतात, म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, तुम्ही त्यात आहात. अमेरिकेतला डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम नावाचा मोठा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. अशाच लोकांना तिथे ध्येय दिलं होतं ७ टक्के वजन कमी करण्याचं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायामाचं. मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. तुमचे ७ टक्के म्हणजे ७६ किलो, अजून फक्त तीन. त्याहून मला आवडतो तो आपल्याकडचा, चेन्नईच्या डॉक्टरांनी केलेला २००६ चा अभ्यास. त्यात खाण्यापिण्यात आणि चालण्यात बदल केलेल्यांचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला, आणि वजन मात्र फारसं हललंच नव्हतं! काटा अडलाय म्हणून सगळं फुकट गेलं असं जेव्हा वाटेल, तेव्हा हे आठवा.

माझं खरं सांगणं कॅलेंडरबद्दल आहे. आपल्याकडचे डाएट प्लॅन वर्षातले सगळे महिने सारखे धरतात. ते सारखे नसतात. म्हणून मी महिन्यांचे दोन गट करते: उतरवायचे आणि टिकवायचे. गणपतीचे दिवस आणि दिवाळीचा आठवडा यांत ध्येय एकच, वजन वाढू द्यायचं नाही. या दिवसांत उतरवायचं ठरवलं की दुसऱ्या मोदकाला आपण हरतो, आणि हरलोच आहोत तर मग चौथाही चालतो, आणि मग 'आता दिवाळीनंतरच बघू'. टिकवायचंच ठरवलं असेल तर दोन मोदक वरणभाताच्या जागी बसतात आणि संध्याकाळी चालून येता येतं. दिवाळी संपल्यावर काटा जागेवर असेल तर ते यशच धरा. माझ्या मते वजन उतरवण्यापेक्षा ते अवघड काम आहे.

श्रावण मात्र उतरवायच्या गटात घ्या, फक्त सोमवारचा उपास सांभाळा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. वर दाण्याचं कूट आणि तूप, बशीभर खिचडी सहज साडेचारशे-पाचशे कॅलरींची होते. आणि मग रात्री उपास सोडताना पूर्ण पान. उपास करायचाच तर वरीचे तांदूळ, राजगिऱ्याची भाकरी, ताक, फळं यांवर करा. नाहीतर सरळ दोन वेळा साधं जेवा. शंकराची हरकत नसावी.

४०० कुठून काढायचे? पोळी-भात तोडून नको, ते तुम्ही करून पाहिलंत. चहा मोजा. दिवसात चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे ४० ग्रॅम, म्हणजे १६० कॅलरी फक्त साखरेच्या. दोन कप आणि एकेक चमचा केलात तर १२० वाचल्या. दुसरं तेल. पाच लिटरचा डबा किती दिवसांत संपतो ते डब्यावर तारीख लिहून बघा. चार माणसांत महिन्यात संपत असेल तर माणशी रोज साधारण ३८ ग्रॅम तेल पोटात जातंय, सुमारे ३४० कॅलरी. तोच डबा ४० दिवस पुरवला तर माणशी ८५ कमी, तेही कुणाच्या लक्षात न येता. फोडणीला पळीऐवजी चमचा वापरायचा, बस. उरलेल्या दोनशे एक भाकरी कमी करून आणि संध्याकाळच्या फरसाणाऐवजी मोड आलेली मटकी किंवा फुटाणे खाऊन निघतात. जेवणात वरण घट्ट घ्या, दही-ताक, अंडी चालत असतील तर अंडी, म्हणजे भूक लवकर लागत नाही आणि स्नायू टिकतात.

डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं डाएट की आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचं, हा वाद इथे पुन्हा सुरू होऊ नये अशी इच्छा. एकीकडे दिवसातून दोनच वेळा, दुसरीकडे दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं. दोन्हीकडे उतरलेले लोक मी पाहिलेत, आणि दोन्हीकडचे परत चढलेलेही. तुमच्या घरच्या वेळांना जे बसतं ते घ्या. फक्त मधुमेहाची औषधं सुरू झाली तर खाण्याच्या वेळा डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका.

वजन रोज करत असाल तर करा, पण रोजच्या आकड्यावर मत बनवू नका. आठवड्याची सरासरी काढा आणि या महिन्याची मागच्या महिन्याशी लावा. सोबत टेप ठेवा. बेंबीच्या पातळीला कंबर मोजायची. भारतीय बायकांसाठी ८० सेंमीच्या वर गेलं की जोखीम धरतात. काटा अडलेला असतानाही टेप कधीकधी सरकते, आणि शिवलेल्या कपड्यांना ते आधी कळतं. लग्नाचे ब्लाउज आत्ताच शिवून टाकू नका, 'तोवर बारीक होईन' म्हणून घट्ट मापाचे तर मुळीच नाही. नोव्हेंबरच्या शेवटी माप द्या आणि आत माया ठेवायला सांगा.

आता उत्साह. तो येतो-जातो, त्याच्यावर काम अडवू नका. रोजचं ठरवलेलं काम इतकं छोटं ठेवा की कंटाळलेल्या दिवशीही होईल: जेवणानंतर दहा मिनिटं चालणं, चहात एकच चमचा. 'डिसेंबरात ६२' हे तुमच्या हातात नाही, 'आज चाललो का' हे आहे. कॅलेंडरवर त्याचीच खूण करा. आणि कृपा करून सगळ्या नातेवाइकांना सांगू नका. एकदा कळलं की 'किती झालं?' सुरू होतं, उतरलं तर 'किती वाळलीस गं', नाही उतरलं तर हसू. आग्रह करणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नसतो. पहिल्यांदा अर्धंच वाढून घ्यायचं, म्हणजे दुसऱ्यांदा घेतल्याचं समाधान त्यांना मिळतं.

थायरॉइड तपासलं नसेल तर एकदा टीएसएच करून घ्या. स्टेरॉइड किंवा मानसिक आजाराच्या काही औषधांनीही वजन वाढतं. तसं काही चालू असेल तर डॉक्टरांशी बोला, मनाने बंद करू नका.

चालणं की जिम? पैसे भरायचे नसतील तर चालणंच. आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास, म्हणजे ते १५० मिनिटं झाले. पाऊस असेल तर बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये किंवा जिन्याने. नुसत्या चालण्याने वजन फार उतरेल ही आशा नको, अर्ध्या तासात शंभर-सव्वाशे कॅलरीच जातात. पण साखरेवर त्याचा परिणाम होतो, विशेषतः जेवणानंतर चाललात तर. आठवड्यातून दोनदा बैठका, भिंतीला टेकून जोर आणि जमतील तेवढे सूर्यनमस्कार घाला. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवरून उठबस करा. जिम लावलीतच तर पूर्ण वर्षाची फी एकदम भरू नका, आधी एक महिना जाऊन बघा. एचबीएवनसी मागच्या साधारण तीन महिन्यांचं सांगतं, तेव्हा पुढची तपासणी ऑक्टोबरच्या शेवटी करा, दिवाळीच्या आधी.